एक्मोवरील रुग्णाचा मेंदू: कामाच्या पहिल्या पाळीआधी

एक्मो म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळून ते परत देणारे यंत्र. पहिल्या पाळीत त्याचा पंप आणि ऑक्सिजनेटर (रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) यांच्याकडेच लक्ष खिळणे स्वाभाविक आहे. परंतु गुंगीत असलेला रुग्ण तक्रार करू शकत नाही, म्हणून दर तासाला डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या तपासून त्यांचा आकार व प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद लिहून ठेवा. ‘सकाळी ठीक होत्या’ ही नोंद नव्हे.

मांडीतून व्हीए एक्मो (शिरेतून रक्त घेऊन धमनीत परत देणारा प्रकार) असल्यास रक्तवायूंचा नमुना उजव्या मनगटातूनच घ्या, कारण हृदय सावरू लागले आणि फुप्फुसे आजारीच राहिली, तर मेंदूला आणि उजव्या हाताला कमी ऑक्सिजनचे रक्त मिळते, पायातील नमुना मात्र उत्तम दिसतो. सुरुवातीलाच स्वीप गॅस (ऑक्सिजनेटरमधून वाहणारा, कार्बन डायऑक्साइड काढून नेणारा वायू) वाढवून कार्बन डायऑक्साइड झपाट्याने उतरवू नका. मेंदूतील रक्तस्रावाशी त्याचा संबंध आढळला आहे.

बाहुल्या असमान दिसल्यास वरिष्ठांना तत्काळ बोलवा. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) थांबवायचे की नाही, हे ते ठरवतील. ईईजीचे (मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखाचे) वाचन सध्या बाजूला ठेवा.