कॅट फाइल 'उघडत' नाही

विचारणा अशी आहे: 'लिनक्स नुकतंच शिकतोय. एलएस (ls), सीडी (cd), एमव्ही (mv) आणि फाइल उघडायची कॅट (cat), या कमांडींची नावं कुठून आली?'

पहिल्या तिन्ही सरळ आहेत: लिस्ट, चेंज डिरेक्टरी, मूव्ह. पण कॅट फाइल 'उघडते' हे इतक्या ठिकाणी शिकवलं जातं की आधी तेच निस्तरायला हवं. कॅटचं काम जोडण्याचं. 'कॅट प्रकरण१ प्रकरण२ > पुस्तक' लिहिलं की दोन्ही प्रकरणं एकापाठोपाठ पुस्तक या फाइलीत जातात. एकच फाइल दिली आणि पुढे > नसलं, तर जोडायला दुसरं काही नसल्यामुळे तेवढीच स्क्रीनवर ओतली जाते. लोक नेमकं तेवढंच पाहतात.

लॅटिनमध्ये 'कातेना' म्हणजे साखळी. तिच्यावरून इंग्रजीत 'कॅटनेट' आलं, म्हणजे साखळीसारखं जोडणं; कॅट हे त्याचंच छोटं रूप. हीच कातेना जुन्या फ्रेंचमधून झिजत इंग्रजीत 'चेन' झाली आणि मराठीत सायकलपासून गळ्यापर्यंत रुळली. म्हणजे टर्मिनलमधली (कमांड टाइप करायच्या खिडकीतली) कॅट आणि सायकलची चेन एकाच कुळातल्या! मांजराचा इथे काही संबंध नाही.

लिनक्सवर सहसा ग्नू प्रकल्पाची कॅट असते; तिच्या मॅन पेजवर, म्हणजे मदतपानावर, 'कॉनकॅटनेट' आहे, म्हणून बहुतेक जण कॅट हे त्याचं लघुरूप सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीच्या (१९७९) मॅन्युअलमध्ये स्वच्छ 'कॅटनेट अँड प्रिंट' आहे. शिवाय सीपी (कॉपी), एमव्ही (मूव्ह), आरएम (रिमूव्ह), एमकेडीआयआर (मेक डिरेक्टरी) पाहा: शब्द छाटला तरी त्याचं तोंड शाबूत राहतं. 'कॉन' हा अख्खा उपसर्ग उडवून मधूनच शब्द का उचलतील? त्या उपसर्गाचा अर्थ 'एकत्र', आणि साखळीत एकत्र येणं आलंच, म्हणून तो नसला तरी काही अडत नाही.

जोडताना एक चूक महागात पडते: 'कॅट प्रकरण१ प्रकरण२ > प्रकरण१'. > दिसताच शेल (तुमच्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्राम) त्यापुढची फाइल रिकामी करतं, कॅट सुरू होण्याआधीच. पहिलं प्रकरण गेलं. त्याऐवजी 'कॅट प्रकरण२ >> प्रकरण१' लिहा, मजकूर शेवटी जोडला जाईल.

फाइल वाचायचीच असेल तर लेस (less) ही कमांड वापरा: स्पेसने पुढचं पान, / ने शोध, क्यूने बाहेर. चित्राची फाइल कॅटला दिल्यामुळे टर्मिनलवर गिचमिड अक्षरं उमटू लागली, तर न दिसताही 'रीसेट' (reset) टाइप करून एंटर दाबा. आणि नुसतं कॅट लिहून एंटर दाबलंत तर प्रॉम्प्ट (पुढची कमांड लिहायची खूण) परत येत नाही, कारण ती आता कीबोर्डवरून मजकूर घेत असते. बाहेर पडायला नव्या ओळीवर कंट्रोल-डी दाबा.