पुस्तकातल्या नकाशात नाही, पण समोर दिसलाय!

प्रश्न : ताई नमस्कार. मागच्या आठवड्यात तळ्याच्या काठाला चिखलात एक तुतवार टाइप पक्षी दिसला. पाय पिवळसर, छातीवर बारीक रेघा, पाठ खवल्याखवल्यांची. फोटो लांबून काढलेत त्यामुळे धूसर आलेत. ॲपने पेक्टोरल सँडपायपर सांगितलं पण पुस्तकातल्या नकाशात तो आमच्या भागाच्या आसपासही नाही. ग्रुपवर टाकलं तर एक जण म्हणाला हा साधा रफ (आपल्याकडे नेहमी दिसणारा, तसाच चिखलात चरणारा पक्षी) आहे, दुसरा म्हणाला असले फोटो डिलीट कर. खरंच रेअर असेल का? आणि असेल तर लोकांना पटवायचं कसं?

उत्तर : सगळ्यात आधी, फोटो डिलीट करू नका. एकही नाही. धूसर फोटोतूनही पायाचा रंग आणि छातीवरच्या रेघा कुठे संपतात एवढं दिसलं तरी पुष्कळ झालं, म्हणून तर अशा फोटोला बर्डर मंडळी रेकॉर्ड शॉट म्हणतात आणि जपून ठेवतात.

आता तो ग्रुपवरचा रफवाला माणूस. त्याच्यावर चिडू नका, त्याने योग्यच प्रश्न विचारलाय. अनोळखी पक्षी दिसला की पहिला संशय नेहमीच्या पक्ष्यावरच घ्यायचा असतो आणि रफ तर फसवण्यात एकदम पटाईत. नर मादीपेक्षा कितीतरी मोठा, पायाचा रंग वयाप्रमाणे हिरवट ते नारिंगी काहीही, पाठ त्याचीही खवल्यांची. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या तीनपैकी दोन खुणा रफलाही लागू पडतात.

उरली छाती, आणि खरी गंमत तिथेच आहे. पेक्टोरलच्या गळ्यापासून खाली दाट बारीक रेघा येतात आणि छातीच्या खालच्या कडेला एकदम थांबतात, पट्टी ठेवून रेष मारल्यासारख्या, त्याखाली पोट स्वच्छ पांढरं. समोरून बघितलं तर ती कड मध्यभागी जरा खाली टोकदार उतरलेली दिसते. रफच्या पिल्लाची छाती नुसती पिवळट-बदामी असते, रेघा नाहीतच, आणि मोठ्या रफच्या छातीवर ठिपके असले तरी ते हळूहळू विरत जातात, अशी कडक सीमा नसते. तुमचे फोटो मोठे करून फक्त ही एक जागा बघा. मग चोच, पेक्टोरलची किंचित खाली वळलेली आणि बुडाशी फिकट. उडतानाचा एखादा फोटो असेल तर लॉटरीच, कारण रफच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना मोठे पांढरे लंबगोल असतात, जवळजवळ एकमेकांना भिडणारे, आणि पेक्टोरलला मधोमध जाड काळा पट्टा असतो.

ॲपबद्दल एवढंच सांगते की त्याचं उत्तर म्हणजे पुरावा नाही. मर्लिनसारखं ॲप ठिकाण आणि तारीख विचारतं ते तिथे त्या दिवसांत काय दिसण्याची शक्यता आहे हे बघायला, त्यामुळे ठिकाण चुकीचं टाकलं असेल तर यादीच चुकीची येते. आवाजावरून ओळखताना तर अजून जपून, कोतवाल पक्ष्यासारखे नकलाकार दुसऱ्याचा आवाज काढून माणसाला गंडवतात तिथे ॲपची काय कथा!

नकाशात नाही म्हणजे येऊच शकत नाही असं मात्र नाही हं. पेक्टोरल सायबेरिया आणि उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक भागात वीण करतो आणि बहुतेक सगळे हिवाळ्याला दक्षिण अमेरिकेत जातात, सायबेरियातलेसुद्धा. एवढ्या लांबच्या वाटेवर कोणीतरी भरकटणारच. त्यात पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जास्त, त्यांच्याकडे जन्मजात दिशेची जाण असते पण अनुभव शून्य, ती दिशा थोडी बिघडली की गडी भलत्याच खंडात. कधी वादळ उचलून नेतं. २०२३ मध्ये इडालिया चक्रीवादळानंतर अमेरिकेत ओहायो, पेन्सिल्व्हेनियापर्यंत फ्लेमिंगो दिसले होते.

पटवायचं कसं म्हणाल, तर जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते नको. "पेक्टोरल होता" ही नोंद नाही, तो निष्कर्ष झाला. वेळ, उजेड कुठून होता, अंतर किती, शेजारी कोणता ओळखीचा पक्षी होता आणि त्याच्यापेक्षा हा मोठा की लहान, कसा चरत होता, हे सगळं पुस्तक उघडायच्या आधी लिहायचं. एकदा पुस्तकातलं चित्र बघितलं की न दिसलेल्या खुणाही आठवायला लागतात, हे भल्याभल्यांचं होतं. तुमच्या बाबतीत आठवडा गेलाय, तरी आज बसा आणि लिहून काढा, आणि नक्की आठवत नसेल तिथे तसंच लिहा, त्याने नोंद कमजोर होत नाही उलट विश्वास वाढतो. मग ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर, फोटोंसकट टाका. तिथे अशी नोंद आपोआप वेगळी काढली जाते आणि तपासणारा माणूस प्रश्न विचारतो. तो विचारतो म्हणजे तुम्हाला खोटं ठरवतो असं नाही. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज परिसरातल्या शेकडो दुर्मिळ नोंदी १९६२ मध्ये संशयास्पद ठरवून यादीतून काढाव्या लागल्या होत्या, परदेशातून आणलेले मेलेले पक्षी तिथेच मिळाले म्हणून खपवले असा संशय होता. तेव्हा ही मंडळी खडूस वाटली तरी त्यांना कारण आहे.

आणि परत जा तिथे! चांगला चिखल मिळाला तर असे पक्षी कधीकधी बरेच दिवस मुक्काम ठोकतात.

प्रश्न : आमच्या इथल्या पाण्यावर मँडरिन बदक आलंय, अगदी जवळ जाऊ देतं. पाळलेलं सुटलं असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे, मँडरिन शोभेसाठी खूप ठिकाणी पाळतात. पायात रिंग आहे का बघा, पंखाची टोकं कापल्यासारखी आहेत का, शेपटी पिंजऱ्याला घासून झिजल्यासारखी आहे का. नुसतं माणसाळलेलं आहे यावरून काही ठरत नाही, माणूस कधी न पाहिलेले जंगली पक्षीही जवळ येऊ देतात.

प्रश्न : रेअर पक्षी सापडला तर लोकेशन सगळ्यांना सांगावं का? गर्दीची भीती वाटते.

उत्तर : घरट्यावर असेल तर अजिबात नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. नुसता चरायला थांबलेला भरकटलेला पक्षी असेल तर सांगायला हरकत नाही, जास्त डोळे लागले की ओळख पक्की होते. स्टेलर्स सी ईगल नावाचा रशियाकडचा अवाढव्य गरुड २०२१ मध्ये टेक्सास, कॅनडा, मॅसॅच्युसेट्स असा भटकला, तो एकच पक्षी आहे हे कळलं ते वेगवेगळ्या लोकांच्या फोटोंतल्या पंखांवरच्या पांढऱ्या खुणा जुळवून. जागा खासगी असेल तर मात्र आधी मालकाला विचारा आणि त्याने नको म्हटलं तर विषय संपला. लोकेशन टाकताना कुठे उभं राहायचं तेही लिहा, आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही हे पहिल्याच ओळीत टाका, शेवटी लिहिलेलं कोणी वाचत नाही.