‘वजावट’, ‘घसारा’ आणि ‘विमा रक्कम’

प्रश्न असा: वजावट काय आणि घसारा काय, दोन्हींमुळे दाव्याचे पैसे कमीच होतात, मग शब्द दोन कशाला? आणि घराच्या पॉलिसीवर विमा रक्कम ३० लाख छापलेली असताना ८ लाखांच्या नुकसानीचे ६ लाखच का मिळतात?

घसारा लागतो तो वस्तूच्या वयामुळे. जुना भाग काढून कोरा बसवला तर जुन्याची झालेली झीज विमाधारकाच्या माथी. वजावटीचा वयाशी संबंध नाही; दर दाव्यामागे पहिले इतके पैसे तुम्ही सोसायचे, हा करारच असतो. ‘वजावट’ म्हटले की प्राप्तिकर आठवतो आणि ती आपल्या फायद्याची वाटते. इथे नेमके उलटे, म्हणून मला तरी ‘डिडक्टिबल’ बरा वाटतो.

समजा, गाडीचा बंपर १०,००० चा, मजुरी ४,०००. प्लास्टिकच्या भागावर घसारा ५० टक्के आणि डिडक्टिबल १,०००. घसारा फक्त बंपरवर बसतो, मजुरीवर नाही. ५,००० अधिक ४,००० म्हणजे ९,०००. त्यातून १,००० गेले की हाती ८,०००. ‘झिरो डेप’ हे घसारा न कापणारे जादा संरक्षण घेतले असते तर १३,००० मिळाले असते, १४,००० नाहीत, कारण त्याने घसारा टळतो, डिडक्टिबल नाही. गॅरेजच्या काउंटरवर भांडणे होतात ती या हजारावरूनही! ‘फुल इन्शुरन्स’ या बोलीतल्या शब्दानेही घोळ वाढवला आहे. त्यातला ‘फुल’ म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचे नुकसानही. पूर्ण बिल नव्हे.

आता विमा रक्कम. आयुर्विम्यात ठरलेली रक्कम अख्खी मिळते, तीच अपेक्षा आपण घराच्या विम्याकडून ठेवतो. पण मालमत्तेच्या विम्यात ती फक्त कमाल मर्यादा असते. भरपाई झालेल्या नुकसानीचीच. शिवाय २०२१ पासूनची प्रमाणित घर-पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ सोडली, तर अनेक पॉलिसींत ‘सरासरीची अट’ असते. नाव फसवे आहे, कारण सरासरी कोणी काढत नाही, काढतात ते प्रमाण. घर पुन्हा बांधायला ४० लाख लागणार असताना विमा ३० लाखांचा काढला, म्हणजे हप्ता पाऊण घराचाच भरला. मग ही अट असलेल्या पॉलिसीत नुकसानही पाऊणच भरून मिळणार: ८ लाखांचे ६ लाख, त्यातून पुन्हा डिडक्टिबल. नुकसान ३० लाखांच्या आत आहे, हा युक्तिवाद चालत नाही.

रक्कम ठरवताना चूक होते ती बाजारभाव धरल्याने. बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन जळत नाही. धरायचा तो बांधकामाचा खर्च. तोही दर नूतनीकरणाला नव्याने काढावा, कारण साहित्य आणि मजुरी महागली की कालचा पुरेसा विमा आज अपुरा होतो. उलट ६० लाखांचा काढला तरी ४० च्या वर काही मिळत नाही, जादा हप्ता मात्र जातो.

पॉलिसीत ‘पुनर्स्थापना मूल्य’ लिहिले आहे की ‘बाजारमूल्य’, हेही पाहावे. पहिल्यात नव्याने उभारण्याचा खर्च धरतात, दुसऱ्यात त्यातून घसारा जातो; हे बाजारमूल्य म्हणजे वरचा जमिनीसह बाजारभाव नव्हे. म्हणजे गाडीच्या बंपरचे तेच घराच्या छपराचे.