वाचकांचे प्रश्न : अंधारातही वायू सुटतो का?

प्रश्न : मँगनीज ट्रायकार्बोनिलचे संयुग (रेणूत कार्बन मोनॉक्साइडचे तीन गट असलेले) प्रकाशात कार्बन मोनॉक्साइड सोडते का, हे आम्ही मायोग्लोबिन (स्नायूंतले, वायू पकडणारे प्रथिन) वापरून तपासतो. पावसाळा लागल्यापासून फॉइल गुंडाळून ठेवलेल्या क्युव्हेटमध्येही (प्रकाशशोषण मोजायच्या पारदर्शक नळीत) ५५७ नॅनोमीटरचा उंचवटा, म्हणजे वायू न पकडलेल्या मायोग्लोबिनची खूण, जातो आणि त्याजागी दोन दिसतात. संयुग अंधारातच फुटते आहे का?
– एमएस्सीचे विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : संयुगाला दोष देण्याआधी डिथायोनाइटची, म्हणजे द्रावणातला ऑक्सिजन संपवण्यासाठी घालता त्या पुडीची, बाटली तपासा. तुमच्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत ही पूड ओलावा धरते आणि हळूहळू निकामी होते. झाकण उघडताच गंधकाचा उग्र वास आला, पूड गोळा झालेली दिसली, तर ती बाटली बाजूला ठेवा.

निकामी डिथायोनाइट क्युव्हेटमधला ऑक्सिजन संपवू शकत नाही. मग मायोग्लोबिन ऑक्सिजनच पकडते आणि त्याचे उंचवटे ५४३ व ५८१ च्या आसपास येतात. कार्बन मोनॉक्साइडचे येतात ५४० व ५७७ ला. घाईत दोन्ही सारखेच वाटतात, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. त्याच क्युव्हेटमध्ये ताज्या डिथायोनाइटची चिमूट टाका. उंचवटा ५५७ ला परतला तर तो ऑक्सिजन होता; दोन उंचवटे तसेच राहिले तर कार्बन मोनॉक्साइड खरा.

डिथायोनाइटचे द्रावण दर वेळी ताजे करा : १ मिलिलिटर बफरमध्ये (पीएच ७.४, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढलेला) १७.४ मिलिग्रॅम. त्यातले १०० मायक्रोलिटर १ मिलिलिटरच्या क्युव्हेटला पुरतात. मायोग्लोबिन ६० मायक्रोमोलर, संयुग २० मायक्रोमोलर. तीनही कार्बोनिल सुटले तरी वायू ६० च्या वर जात नाही, त्यामुळे मायोग्लोबिन कमी पडत नाही. क्युव्हेट काठोकाठ भरून बंद करा. वर पोकळी राहिली की वायू तिकडे जातो आणि आकडा कमी येतो.

तरीही अंधारात वायू सुटलाच, तर दोन शक्यता उरतात. पहिली म्हणजे ट्यूबलाइटखाली केलेली मापजोख. मिसळण्याचे काम लाल दिव्यात करा. दुसरी म्हणजे खुद्द डिथायोनाइट. रुथेनियमच्या कार्बोनिल संयुगांतून ते स्वतःच वायू सोडवते, हे सिद्ध झाले आहे. ही शंका फेडायला डिथायोनाइट न घालता ऑक्सिहिमोग्लोबिनने (ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनने) तोच प्रयोग करा.

पुढे हेच संयुग पेशींवर तपासताना चार ताटल्या हव्यातच : फक्त प्रकाश, फक्त संयुग अंधारात, संयुग आणि प्रकाश दोन्ही, आणि आधीच प्रकाशात पूर्ण रिकामे केलेले संयुग. चौथी ताटली बहुतेक जण गाळतात. पण पेशी मेल्या त्या वायूने की उरलेल्या मँगनीजने, हे तिच्याशिवाय सांगताच येत नाही. प्रकाश देताना फिनॉल रेड नसलेले माध्यम वापरा, कारण तो रंग प्रकाश शोषतो. ३६५ नॅनोमीटरचा दिवा पेशींना स्वतःच इजा करतो, म्हणून संयुग निळ्या प्रकाशात चालत असेल तर तोच घ्या. आणि ताटलीत तापमापी ठेवाच, एलईडी जवळ आणला की माध्यम तापते.