तुकोबांचे अभंग इतके सोपे आहेत, मग त्यांत खोल असं काय आहे? ते कसे वाचावेत?

सोपं म्हणजे उथळ हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं माहीत नाही, पण प्रश्न माझ्या दुखऱ्या नसेवर आलाय म्हणून लिहितेय.

मामी गेली तेव्हा तेराव्याला नात्यातले एक निवृत्त मराठीचे मास्तर मामांचं सांत्वन करायला बसले. 'बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली' म्हणून दाखवलं आणि वर म्हणाले, "बघा, बायको गेली तरी तुकोबा ढळले नाहीत. याला म्हणतात वैराग्य!" मामा भरल्या पानावरून उठले. मी तिथेच मास्तरांशी भांडले. आई म्हणाली, "अगं, वयाने मोठे आहेत." असतील.

त्या अभंगात बाप जातो, बायको जाते, पोर जातं, आई जाते. 'पोर मेलें बरें जालें । देवें मायाविरहित केलें.' बस, एवढंच. आणि ध्रुपद आहे, 'विठो तुझें माझें राज्य । नाहीं दुसऱ्याचें काज'. हा अभंग म्हणायला घ्या, म्हणजे दर मरणानंतर ही ओळ परत येते. घर एकेक माणसाने रिकामं होत जातं आणि हा बाबा देवाला सांगतो, झालं ना तुझ्या मनासारखं, आता तू आणि मी. मला तर त्यात विठ्ठलाची कॉलर धरलेला माणूस दिसतो.

मास्तर म्हणाले, हा तुझा भावुकपणा. बरं. मग तुकोबांचाच दुसरा अभंग घ्या, 'याती शूद्र वैश्य केला वेवसाव'. त्यात 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाबद्दल ते स्वतःच सांगतात: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. लगेच पुढे, 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें'. घरात महाजनकी, वाण्याचा धंदा, आणि त्याच घरात बायको उपाशी मेली. ज्याला काहीच वाटलं नाही त्याला लाज कशाची वाटेल? यावर मास्तरांनी चहा मागवला.

राहता राहिलं कसं वाचावं. गाथा घ्या, मोठ्याने वाचा, ध्रुपद दर कडव्यानंतर म्हणा, गाळू नका. 'सार्थ' आवृत्ती सुरुवातीला नकोच. अर्थ सांगणारे बहुतेक जण रडण्याचाही उपदेश करून टाकतात.

आता हेही सांगते, मी काही अभ्यासक नाही. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत, त्यांत कडक वैराग्याचेही ढीगभर सापडतील, आणि 'बाईल मेली'चा तसा अर्थ लावणारे अधिकारी कीर्तनकारही आहेत. लावू देत. फक्त ज्याची बायको नुकतीच गेलीय त्याला तो ऐकवायचाच असेल, तर 'अन्न अन्न करितां मेली' हीसुद्धा सोबत म्हणून दाखवावी, आणि तीही त्याच सुरात जमते का बघावं.