वाचकांचे प्रश्न : सगळेच सुखी असलेल्या जगात आनंद कुठे असतो?

प्रश्न : आल्डस हक्सली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ नुकतीच वाचून संपवली. त्या जगात युद्ध नाही, उपासमार नाही, म्हातारपणाचे हाल नाहीत आणि मन खट्टू झालेच तर ‘सोमा’ची गोळी आहे. माणसे स्वतःच्या तोंडाने आपण सुखी असल्याचे सांगतात, तरीही लेखकाला ते सुख खोटे वाटते. सुखी माणसाला ‘तुझे सुख खोटे आहे’ असे सांगण्याचा अधिकार लेखकाला कुणी दिला? आणि अशा डिस्टोपियन, म्हणजे भयावह भविष्यकाळ रंगवणाऱ्या, कादंबऱ्यांत खरे सुख कुणाला तरी सापडते का?

उत्तर : तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग अवघड आहे आणि तो बाजूला ठेवून दुसऱ्याकडे वळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या प्रकारच्या चांगल्या लेखकांनीही तो टाळलेला नाही. हक्सली यांची कादंबरी १९३२ सालची. तिच्या दहा-बारा वर्षे आधी येव्गेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली, जी त्याच्या स्वतःच्या देशात १९८८ पर्यंत छापली गेली नाही. तिच्यातला एक कवी म्हणतो की, नंदनवनातल्या त्या पहिल्या स्त्री-पुरुषापुढे दोनच पर्याय होते : स्वातंत्र्याविना सुख किंवा सुखाविना स्वातंत्र्य. त्या वेड्यांनी स्वातंत्र्य पत्करले आणि मग माणूस युगानुयुगे बेड्यांसाठी झुरत राहिला. आपल्या राज्याने ती चूक दुरुस्त केली, असा त्याचा दावा आहे. सत्तेची बाजू इतक्या ताकदीने मांडू देणारा लेखक सुखी माणसांवर वरून निकाल देत बसत नाही. ते सुख टिकवण्यासाठी रोज काय करावे लागते, एवढेच तो दाखवतो, आणि माझ्या मते त्याचा अधिकार नेमका तेवढाच असतो.

हक्सली यांच्या कादंबरीतला रुग्णालयाचा प्रसंग पुन्हा एकदा सावकाश वाचावा, असे मी तुम्हाला सुचवीन. या जगाबाहेरच्या आदिवासी खेड्यात वाढून इथे आलेल्या जॉनची आई लिंडा सोमाच्या गुंगीत मरणाच्या दारात पडली आहे आणि त्याच वेळी मृत्यूची सवय व्हावी म्हणून एकसारख्या चेहऱ्यांच्या लहान मुलांचा घोळका तिथे आणला जातो. तिचा सुजलेला, सुरकुतलेला चेहरा मुले कुतूहलाने न्याहाळतात, कारण त्या जगात म्हातारे दिसणारे माणूस त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. आई गेल्यावर जॉन खाटेशी गुडघे टेकून हुंदके देऊ लागतो. परिचारिका घाबरते ती मुलांसाठी : मरण ही रडण्यासारखी गोष्ट आहे, असे त्यांच्या मनाने घेतले तर आजवरच्या सगळ्या शिकवणीवर पाणी पडेल. म्हणून ती घाईघाईने, चॉकलेटची पेस्ट्री कुणाला हवी, असे विचारते आणि सगळी मुले एका सुरात ओरडतात. हे सुख खोटे आहे, असे लेखक इथे एका शब्दानेही म्हणत नाही. एका माणसाचे रडणे ज्या सुखाला सोसवत नाही, ते सुख किती पातळ असले पाहिजे, हे मात्र वाचकाला दिसल्यावाचून राहत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत एक भेद आधीच करून ठेवला आहे. सुख आपण ‘भोगतो’, ते मिळते, देता येते, कुणाच्या तरी पायाशी आणून टाकता येते. आनंद मात्र ‘होतो’, आणि तो कशाने तरी किंवा कुणामुळे तरी होतो. त्याला बाहेरचे कुणीतरी लागते. या कादंबऱ्यांतली राज्ययंत्रणा सुखाचा पुरवठा चोख करते, आणि ज्यांच्यामुळे आनंद होऊ शकतो त्या गोष्टी पुसून टाकते. म्हणून खऱ्या आनंदाचा शोध घेताना मी नायकाच्या उक्ती-कृतींपेक्षा सत्तेला काय पुसावे लागते आहे, याकडे आधी पाहतो. झाम्यातिनच्या राज्यात शेवटी शस्त्रक्रियेने माणसांची कल्पनाशक्ती काढून टाकतात. हक्सली यांच्या जगात एकांत, जुने साहित्य आणि ‘आई’ हा शब्द नकोसा झालेला असतो. लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ (१९९३) मध्ये सगळ्यांच्या आठवणी एकाच म्हाताऱ्याच्या माथी मारलेल्या असतात. त्या म्हाताऱ्याकडून प्रेम म्हणजे काय हे नुकतेच कळलेला बारा वर्षांचा जोनास घरी येऊन, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का, असे विचारतो तेव्हा आईवडिलांना हसू येते. शब्द नेमका वापर, असे ते त्याला समजावतात. त्याला चांगले वागवणाऱ्या, कधीही न मारणाऱ्या या आईवडिलांपाशी मुलाला द्यायला तो शब्दच उरलेला नसतो. या संपूर्ण साहित्यप्रकारात इतका शांत आणि इतका भीषण प्रसंग मला दुसरा आठवत नाही.

आता, खरे सुख कुणाला सापडते का, याविषयी. सापडते, पण ते शोधायला निघालेल्याला सहसा नाही, आणि फार काळासाठीही नाही. जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) मध्ये नायक विन्स्टन आणि त्याची प्रेयसी ज्युलिया यांच्या चोरट्या भेटींत सगळेजण सुख शोधतात, आणि ते तिथे आहेही. मला मात्र अगदी शेवटच्या प्रकरणातले एक पान अधिक मोलाचे वाटते. छळाने मोडून गेलेला विन्स्टन मद्याचा पेला पुढ्यात घेऊन बसलेला असताना त्याला अकस्मात एक पावसाळी दुपार आठवते. तो नऊ-दहा वर्षांचा होता, घरात धड खायला नव्हते, तो किरकिर करत होता आणि आईने त्याची समजूत घालण्यासाठी सापशिडीचा पट आणला. पट चिरलेला, फासे इतके ओबडधोबड की ते धड पडतही नव्हते. दोघे आठ डाव खेळले आणि प्रत्येकाने चार-चार जिंकले. धाकट्या बहिणीला खेळ कळत नव्हता, पण हे दोघे हसतात म्हणून तीही हसत होती. ती सबंध दुपार ती तिघे आनंदात होती. आणि मग विन्स्टन ही आठवण खोटी ठरवून मनातून ढकलून देतो. कुणी सांगितल्यावाचून, स्वतःहून. त्याच्या पराभवाची खूण म्हणून पुष्कळजण कादंबरीचे अखेरचे वाक्य, म्हणजे त्याचे आता हुकूमशहावरच प्रेम असल्याचे वाक्य, सांगतात. माझ्या लेखी तो या पानावरच हरलेला असतो.

या उत्तरात एक कबुलीही द्यायला हवी. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये त्या जगाचा एक सत्ताधारी नियंत्रक मुस्तफा माँड आणि जॉन यांच्या संवादात जॉन दुःखी होण्याचा हक्क मागतो, ते वाचताना ऊर भरून येतो; तरी रोग, भूक आणि यातना यांसकट जगणे पत्करा, हे उत्तर पुरेसे नाही, असे वाटणारे वाचक चुकत नाहीत. स्वतः हक्सली यांनी १९४६ च्या प्रस्तावनेत मान्य केले की, जॉनपुढे दोनच पर्याय ठेवणे, त्या सुखी जगातला वेडेपणा किंवा आदिवासी खेड्यातला, हा कथेतला सर्वांत गंभीर दोष आहे. तिसऱ्या वाटेचा विचार त्यांनी पुढे १९६२ च्या ‘आयलंड’मध्ये केला. तुमच्या मनात उठलेली शंका लेखकाच्याही मनात होती, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : या कादंबऱ्यांचा शेवट नेहमी दुःखातच का होतो?

उत्तर : नेहमी होत नाही. ‘आम्ही’चा निवेदक शेवटी कल्पनाशक्ती गमावून बसतो हे खरे, परंतु त्याच्या मुलाची आई होणारी ओ-९० ही स्त्री (तिथे माणसांना नावांऐवजी क्रमांक असतात) राज्याच्या हिरव्या भिंतीपलीकडे निसटलेली असते, याकडे वाचकाचे दुर्लक्ष होते. जॉनचा शेवट आत्महत्येत होतो, पण त्याचा मित्र हेल्महोल्ट्झ याला बेटावर धाडायचे ठरते तेव्हा तो मुद्दाम वाईट हवामानाचे बेट मागून घेतो, कारण वादळवाऱ्यात अधिक चांगले लिहिता येईल, अशी त्याची खात्री असते. शिक्षा भोगायला इतक्या उत्सुकतेने निघालेला माणूस दुःखी म्हणता येणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिने या प्रकारातले वाचन कुठून सुरू करावे?

उत्तर : ‘द गिव्हर’पासून. त्यानंतर रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) द्यावी. ही कादंबरी छोटी आहे आणि तिच्यात हा सगळा विषय सुरुवातीलाच एका प्रश्नात येतो. पुस्तके जाळणाऱ्या माँटॅगला शेजारची मुलगी, तुम्ही सुखी आहात का, असे विचारते आणि उत्तराची वाट न पाहता घरात पळून जाते. अर्थातच आहे, असे मनाशी म्हणत तो आपल्या अंधाऱ्या शयनगृहात शिरतो आणि झोपेच्या गोळ्यांची रिकामी बाटली त्याच्या पायाला लागते. बायकोने सगळ्या गोळ्या घेतलेल्या असतात. यंत्रे घेऊन आलेली दोन माणसे तिचे पोट आणि रक्त धुऊन काढतात आणि अशा नऊ-दहा केसेस रोज रात्री येतात, असे सांगून निघून जातात. सकाळी तिला काहीच आठवत नसते, नुसती भूक लागलेली असते. एवढी पाने मुलीबरोबर बसून वाचा आणि तिला काय वाटले ते आधी तिलाच बोलू द्या. ‘नाइन्टीन एटी-फोर’ दोन-तीन वर्षांनी दिली तरी चालेल. तिच्यातला छळाचा भाग चौदाव्या वर्षी जड जातो.