'वेर्डेन' दिसलं की आधी वाक्याच्या शेवटी जा

जर्मन कचेरीकडून तुम्हाला आलेल्या पत्रातलं 'इर आंट्राग विर्ट बेआरबाइटेट' हे वाक्य वाचलं आणि जुनी धास्ती परत आली. तुम्ही विचारलंय, 'विर्ट' हे 'वेर्डेन' ह्या जर्मन क्रियापदाचं रूप, आणि 'वेर्डेन' म्हणजे भविष्यकाळ, मग अर्जाचं काम अजून सुरू व्हायचंय का? नाही. 'तुमच्या अर्जावर काम केलं जात आहे' एवढाच त्याचा अर्थ. घाबरून दुसरा अर्ज टाकू नका.

ह्याच क्रियापदापायी माझे चार महिने गेले. निवास परवान्याची मुदत वाढवायला अर्ज केला होता. कचेरीचं पत्र आलं: 'झी वेर्डेन गेबेटेन', पुढे एक तारीख आणि कागदांची यादी. क्लासमध्ये 'वेर्डेन म्हणजे (इंग्रजी) विल' असं घोकलेलं. त्यामुळे मी वाचलं, 'तुम्हाला विनंती केली जाईल'. तारीख मला त्यांचीच मुदत वाटली. सगळे कागद फाइलला लावून मी रोज पोस्टाची पेटी उघडून बघत होते. खरा अर्थ होता, 'आपणास विनंती करण्यात येत आहे'. आत्ता, ह्याच पत्राने. आपल्या 'आपणास कळविण्यात येते की'ची सख्खी बहीण!

खिडकीवरच्या बाईंनी ते वाक्य पेनाने अधोरेखित केलं आणि काही न बोलता पत्र परत सरकवलं. हातात निवास परवान्याचं वैध कार्ड नाही, म्हणून बहिणीच्या लग्नाला जाता आलं नाही. चूक माझी होती, मान्य. पण नवख्या परदेशी माणसाला 'कृपया अमुक तारखेपर्यंत कागद पाठवा' असं सरळ लिहायला काय हरकत आहे, हे मला आजही समजत नाही.

माझं ठाम मत आहे की तक्ते पाठ करण्याआधी वाक्याच्या शेवटी बघायची सवय लावा. मराठी माणसाला ते जड नाही, आपलंही क्रियापद शेवटीच येतं. शेवटी 'गेबेटेन', 'बेआरबाइटेट' असं भूतकाळवाचक धातुसाधित असेल तर कर्मणी. आपण त्यासाठी 'जाणे' वापरतो (केलं जातं), जर्मन माणूस 'होणे' वापरतो. शेवटी क्रियापदाचं मूळ रूप असेल तर भविष्य, किंवा नुसता अंदाज: 'एर विर्ट इम ब्युरो झाइन', तो ऑफिसात असेल. आपला 'असेल' अगदी असाच वागतो. दोन्ही नसेल तर साधं 'होणे': 'एस विर्ट काल्ट', थंडी पडायला लागलीय. मला जे वाटलं होतं, त्यासाठी शेवटी आणखी एक 'वेर्डेन' लागलं असतं: 'झी वेर्डेन गेबेटेन वेर्डेन'. आणि 'विर्ट'च्या जागी 'इस्ट' आलं, 'इस्ट बेआरबाइटेट', की काम उरकलंय.

खरं तर भविष्यासाठी बोलताना ते बऱ्याचदा वर्तमानकाळच वापरतात. 'इश कोमऽ मॉर्गन', मी उद्या येते. म्हणून 'वेर्डेन म्हणजे विल' हे समीकरण पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे.

ह्या शब्दाचं मूळ कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबले. 'वळणे, फिरणे' असा जुना अर्थ, आणि नातं थेट संस्कृत 'वृत्' धातूशी, लॅटिन 'वेर्तेरे'शी. आपले वर्तुळ, वर्तन, वर्तमान त्यातलेच. ज्या धातूने आपल्याला 'वर्तमान' दिलं, त्याच्याच भावंडाला मी भविष्यकाळ समजून बसले होते.

मी वकील नाही, भाषेची शिक्षिकाही नाही. मुदतीचा प्रश्न असेल तर जाणकाराला पत्र दाखवाच. कागद देताना आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागून घ्या. पिवळ्या पाकिटातून पत्र आलं तर पाकीट फेकू नका, पोस्टमनने त्यावर तारीख लिहिलेली असते आणि मुदत तिथून मोजतात.

तुमच्या पत्रात 'बेआरबाइटेट'नंतर 'झोबाल्ट' असा शब्द आहे का, तेवढं बघा. त्याचा अर्थ 'जसं... तसं लगेच'. तो असेल तर चेंडू तुमच्याकडे आहे, पुढचं वाक्य इथे टाका.